पिल्लू सारखं चावतं, हाक मारली तर ढुंकून बघत नाही. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमचं कुत्र्याचं पिल्लू साडेतीन महिन्यांचं आहे, नाव ढोल्या. आमच्याकडे येण्याआधीच, फार लवकर आईपासून तुटलेलं. दिवसा बरं असतं, पण संध्याकाळ झाली की अंगात आल्यासारखं घरभर पळतं आणि दिसेल तो पाय धरतं. मुलीच्या पायजम्याच्या कडांच्या चिंध्या झाल्यात. ती आता सोफ्यावर पाय वर घेऊनच बसते.

'चावलं की जोरात ओरडा' असं सगळीकडे सांगतात. ओरडलं की याला आणखी चेव येतो. तोंड दाबून धरा, चापट द्या, हे कृपया सुचवू नका, ते करणार नाही.

खेळण्यांचं तर विचारूच नका. चेंडू टाकला तर चेंडूकडे बघत नाही, टाकणाऱ्या हातावर झेप घेतं. नाव घेतलं तर मान वळत नाही. बहिरं नाही, वाटी वाजली की दुसऱ्या खोलीतून हजर! डॉक्टरांनी तपासलंय, लसी वेळेवर चालू आहेत.

हात सोडून खेळण्याशी कसं खेळवायचं? आणि नावाची सुरुवात कुठून करू?

प्रतिसाद १

दुधाचे २८ दात पडून पक्के ४२ येईपर्यंत, म्हणजे सहा-सात महिन्यांचं होईस्तोवर, हिरड्या शिवशिवणारच. ओला फडका पिळून, गार करून चावायला द्या, पण समोर बसून. तुकडे गिळता कामा नयेत.

संध्याकाळचं मात्र मला झोपेचं वाटतं. या वयात पिल्लं दिवसाचे १८ तास सहज झोपतात. घरात वर्दळ असली की झोप मोडते आणि मग तान्ह्या बाळाची किरकिर तशी यांची चावाचावी. धुमाकुळाच्या तासभर आधी शांत, अंधाऱ्या खोलीत झोपवून बघा.

पडलेला चेंडू त्याच्या लेखी मेलेला. हात हलतो, म्हणून हात. खेळणं लांब दोरीला बांधून जमिनीवरून त्याच्यापासून दूर ओढा. धरलं की थोडी ओढाओढी होऊ द्या. मग ओढणं थांबवून नाकासमोर खाऊ धरा, तोंड उघडताना 'सोड' म्हणा, खाऊ द्या आणि लगेच पुन्हा खेळायला लागा. सोडलं तरी खेळ संपत नाही हे एकदा कळलं की सोडायला खळखळ करत नाही.

दात कातडीला लागले की न बोलता उठून अर्धा मिनिट दाराआड जा. घरातल्या एकानेही हाताने खेळवलं तर केलेलं सगळं पाण्यात.

प्रतिसाद २

'ढोल्या नको', 'ढोल्या सोड' असं दिवसभर कानावर पडत असेल तर नाव म्हणजे त्याला घरातला गोंगाट. रागावताना नाव घेऊच नका. शांत खोलीत एकदाच हाक, मान वळली की त्याच क्षणी खाऊ. बाहेरच्या गडबडीत हाका नंतर.

आणि रक्त आलं तर 'पिल्लूच आहे' म्हणून सोडू नका. साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा, डॉक्टरांना दाखवा.

धागाकर्ता

आभार! झोपेचं आजच करून बघतो. पण दाराआड गेलो की तो गालिचा ओढत बसतो. मग?

प्रतिसाद १

खेळताना पट्टा जड पलंगाला बांधा. चावलं की तुम्ही पट्टा पोचणार नाही इतकं मागे सरकायचं, दाराची गरजच नाही. गालिचा आधी गुंडाळून ठेवा. बांधलेलं असताना एकटं सोडू नका, गळ्याला फास बसू शकतो.