आईला पहिल्यांदाच जहाजाच्या सहलीला न्यायचंय, पण तिला हलत्या जमिनीची भीती आहे

लातूरची_लेक

नमस्कार. आईचं वय ६८. आमचं गाव किल्लारीजवळचं. भूकंपानंतर वसवलेल्या नव्या गावात ती राहते आणि थंडीत माझ्याकडे लातूरला येते. अण्णांना जाऊन दोन वर्षं झाली. आजवर तिने माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. गेल्या महिन्यात मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या जहाजाचा व्हिडिओ मी फोनवर बघत होते, ती पाठीमागे उभी होती. म्हणाली, "एवढं पानी एका जागी कसं दिसत असंल गं?"

ते तेव्हापासून मनातून जात नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली तेव्हा ती माझ्याकडेच होती. भांडी विसळलेलं पाणी मोरीत जाऊ देत नव्हती, घमेल्यात धरायची आणि तुळशीला घालायची. समुद्र तिने पाहिलेला नाही. नांदेडची गोदावरी आणि पंढरपूरची चंद्रभागा, एवढंच पाणी तिने बघितलंय.

आता खरी अडचण. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३:५६. गणपती बोळवून गाव झोपलं होतं. आमचं घर माळवदाचं, दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं ओझं. आजी आणि माझा धाकटा भाऊ त्यात गेले. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. तेव्हापासून आई दाराला कडी लावून झोपत नाही. रस्त्यावरून ट्रक गेला आणि मांडणीवरची भांडी वाजली तरी उठून अंगणात जाऊन उभी राहते. आणि मी तिला अशा ठिकाणी न्यायला निघालेय जिथे पायाखालचं सगळं रात्रभर हलणार.

जहाज नेमकं किती हलतं? खोली कुठली घ्यावी? तिचे गुडघे दुखतात, रक्तदाबाची गोळी चालू आहे, एकादशी धरते, कांदा-लसूण खात नाही. येळवस (आमच्याकडची वेळा अमावस्या, शेतातल्या पूजेचा सण) झाल्याशिवाय ती गाव सोडणार नाही, म्हणजे जानेवारी धरून चालू. तिची इच्छा पुरवताना मी तिला त्रास तर देणार नाही ना, हे कुणी अनुभवाने सांगेल का?

सास्तूरकर

ताई, मी सास्तूरचा, लोहारा तालुका. तुमच्या आईचं जे आहे तेच माझ्या आईचं, म्हणून जरा सविस्तर लिहायलोय. २०२२ च्या डिसेंबरात आईला मुंबई-गोवा-मुंबई फेरीला नेलं होतं. जे चुकलं तेही सांगतो.

आधी हलण्याचं. जहाज भूकंपासारखं हलत नाही. भूकंपात हिसका बसतो आणि आवाज येतो. जहाज सावकाश डोलतं, झोळीत लेकरू डोलावं तसं. जहाजाच्या पोटाला दोन्ही बाजूंनी पंखासारखे फिन असतात, ते डावं-उजवं डोलणं बरंच मारतात. पुढं-मागं वर-खाली होणं मात्र त्यांनी थांबत नाही. म्हणून खोली घेताना जहाजाच्या लांबीच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावर घ्या. तागडीची पारडी वर-खाली होतात, दांडीचा मध्य जागेवर असतो, तसंच हे. अरबी समुद्र जून ते सप्टेंबर खवळलेला असतो. जानेवारीत तो शांत मिळण्याची शक्यता चांगली.

आता माझी चूक. पैसे वाचवावे म्हणून मी आतली, बिनखिडकीची खोली घेतली. दिवा घालवला की तिथं डोळ्यात बोट घातलं तरी दिसत नाही. रात्री कपाटातले हँगर एकमेकांवर वाजायला लागले, खट् खट्, आणि आई ताडकन उठली. अंधारात तिला दार सापडेना. त्या रात्री मला कळलं, आईला हलण्याची भीती नव्हतीच. वाजलं की पळायचं आणि पळायला वाट पाहिजे, एवढंच तिच्या अंगात बसलेलं आहे. अंधारात वाट सापडली नाही म्हणून ती घाबरली.

म्हणून खिडकीची खोली घ्या, दुसरीकडे काटकसर करा. बाहेरचा थोडा तरी उजेड आत येतो आणि जाग आल्यावर आपण कुठं आहोत ते कळतं. कपाटातले हँगर टॉवेलात गुंडाळून बांधून टाका. काचेचे पेले एकमेकांना लागणार नाहीत असे ठेवा. मोरीतला दिवा चालू ठेवून दार किलकिलं ठेवा.

खोलीचं दार रात्री उघडं ठेवता येत नाही, आगीपासून बचाव म्हणून ते आपोआप लागणारं असतं. पण आतून उघडायला किल्ली लागत नाही, मूठ दाबली की उघडतं. गेल्या गेल्या आईच्या हातानं पाच-दहा वेळा उघडून घ्या. तुम्ही उघडून दाखवू नका, त्यांनाच उघडू द्या.

आणि एक, हे कुणी सांगत नाही. जहाज सुटायच्या वेळी सगळ्या प्रवाशांची सुरक्षेची कवायत घेतात, आंतरराष्ट्रीय नियमच आहे तो. तेव्हा सात छोटे आणि एक लांब असा भोंगा होतो. आईला आधी सांगून ठेवा, नाहीतर त्या भोंग्यानंच छातीत धस्स होईल. कवायत कंटाळवाणी म्हणून लोक टाळायला बघतात, तुम्ही मात्र आईला घेऊन मन लावून करा. कुठल्या जिन्यानं जायचं, कुठं जमायचं, जाकीट कसं घालायचं हे दाखवतात. माझ्या आईला दुसऱ्या दिवशी मी ती वाट पुन्हा चालवली. दुसऱ्या रात्री ती झोपली.

परभणीकर_७०

सास्तूरकर, वाचून गलबलून आलं. ताई, न्या आईला.

मी व्यवहाराचं सांगतो. मुंबईहून २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीचं 'एम्प्रेस' हे जहाज फेऱ्या करतंय. १९९० साली बांधलेलं, सव्वादोनशे मीटरच्या आतलं जहाज आहे. एका टोकाच्या खोलीपासून दुसऱ्या टोकाच्या जेवणघरापर्यंत चालणं चांगलंच होतं, तेव्हा गुडघ्यांसाठी लिफ्टजवळची खोली मागा. जाहिरातीतल्या आकड्यावर बंदराचं शुल्क, जीएसटी, सेवेची रक्कम चढते, म्हणून सगळं धरून एकूण किती ते लेखी विचारा. गोव्यापर्यंतच जायचं असेल तर पासपोर्ट लागत नाही, आधार चालतं.

पहिल्या वेळी लक्षद्वीप नको. तिथं मोठं जहाज बाहेर खोल पाण्यात थांबतं आणि छोट्या होडीतून बेटावर नेतात. हलत्या होडीत पाय टाकायचा असतो, दुखऱ्या गुडघ्यांना ते अवघड जातं. गोव्यात मुरगाव बंदरात जहाज धक्क्याला लागतं, शिडीवरून चालत उतरता येतं.

फोन जहाजावर चढताच विमान मोडवर टाका. भर समुद्रात फोन जहाजाचं नेटवर्क धरतो आणि त्याचे दर फार असतात. वडिलांचा फोन तसाच राहिला आणि गावाकडून आलेले दोन फोन त्यांनी उचलले, त्याचं बिल मी अजून विसरलो नाही. घरच्यांना आधीच सांगा, दोन दिवस फोन लागणार नाही, काळजी करू नका.

मोठ्या बॅगा बंदरावरच काढून घेतात आणि खोलीवर उशिरा येतात. गोळ्या, चष्मा आणि एक पातळ हातातल्या पिशवीत ठेवा. घरचं शिजवलेलं सहसा वर नेऊ देत नाहीत, धपाटे गाडीतच संपवा. कांदा-लसूण नसलेलं हवं तर बुकिंग करतानाच जैन जेवण लिहून द्या. आणि तारीख ठरवताना एकादशी चुकवा.

उदगीर_मेडिकल

ताई, गोळ्यांविषयी. माझं मेडिकल आहे, डॉक्टर नाही, तेव्हा शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा.

गाडी लागते तशीच बोट लागते. डोळ्यांना खोली स्थिर दिसते आणि कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण हलतोय, या दोन्हींचा मेळ बसत नाही म्हणून मळमळतं. त्यामुळे मळमळलं की खोलीत पडून राहू नये. उघड्या डेकवर यावं आणि दूर आभाळ-पाणी मिळतं त्या रेषेकडे बघावं. पोट रिकामं ठेवू नये, फार भरूही नये. आल्याचा तुकडा बऱ्याच लोकांना बरा पडतो.

आपल्याकडे बस लागते म्हणून सर्रास अव्होमिन मागतात. ती उलटी सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग नाही, आधी घ्यायची असते. पण तिने झोप येते, तोंडाला कोरड पडते आणि वयस्कर माणसाचा तोल जाऊ शकतो. हलत्या जहाजावर रात्री मोरीला उठताना पडणं हे मळमळीपेक्षा वाईट. काचबिंदू असेल, झोपेची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. त्यांनी होकार दिला तर निघायच्या आधी घरी एखाद्या दिवशी देऊन बघा, कितपत गुंगी येते ते कळेल.

रक्तदाबाच्या गोळीत लघवीची गोळी मिसळलेली आहे का, तेही बघून घ्या. असेल आणि उलट्या झाल्या तर अंगातलं पाणी भराभर कमी होऊन चक्कर येते. ओआरएसची चार पाकिटं जवळ ठेवा. गोळ्या दोन दिवस जास्तीच्या न्या. जहाजावर डॉक्टर असतो, पण पैसे वेगळे पडतात.

अंबाजोगाईची_काकू

बाळ, सगळे मुलांच्या बाजूनं लिहायलेत, मी आईच्या बाजूनं लिहिते. माझं वय ७१. मागच्या वर्षी मुलानं आणि सुनेनं मला नेलं होतं.

मुलाला वाटायचं, आईला सगळं दाखवावं. सकाळी पोहण्याचा हौद, दुपारी जादूचे खेळ, रात्री नाचगाणी. दुसऱ्या दिवशी मी दमले, पण तोंडानं बोलले नाही, त्याचा पैसा गेलेला. मला काय पाहिजे होतं सांगू? एक खुर्ची, अंगावर शाल आणि कठड्यापाशी बसून नुसतं बघत राहणं. तुझ्या आईनं पाणी बघायचं म्हटलंय ना, मग पाणीच बघू दे. तू तिच्याजवळ बस, पण सारखं "आई, बरं वाटतंय का" विचारू नकोस. विचारलं की भीती आठवते.

मोरीला उंच उंबरा असतो, नऊवारीचा काठ त्यात अडकतो. मी एकदा धडपडले. पातळ थोडं वर नेसायला सांग. चपला मागून पट्टा असलेल्या घे. बोळातून चालताना भिंतीला कठडा असतो, तो धरायचा. आणि आवाजाचं बोलून ठेव. पहिल्या दिवशी इंजिनाची घरघर तळव्यातून जाणवते. ती बंद होणार नाही, ती चालू आहे म्हणजे सगळं ठीक आहे, हे तिला आधीच सांग. आपल्या घरी गिरणीचा आवाज असतो तसाच तो.

एक विचारते, रागावू नको. आईला विचारलंस का? मनात ठरवून तिकीट काढून मग सांगू नकोस. तिला सगळं सांग, हलतं हेही सांग, आणि नाही म्हणायची मोकळीक दे.

लातूरची_लेक

काकू, विचारलं नव्हतं. तुमचं वाचून काल रात्री विचारलं. मी तिच्याशी त्या रात्रीविषयी कधी बोलतच नाही, त्यामुळे सुरुवात करायलाच मला अर्धा तास लागला. जहाज डोलतं, रात्रीही डोलतं, दार आपोआप लागतं, सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग विचारलं, "वर छताला काय आसतंय, माती का पत्रा?" लोखंड म्हटलं. "आन दार आतून उघडतंय?" हो म्हटलं. "मंग जाऊ."

लातूरची_लेक (फेब्रुवारी)

आम्ही जाऊन आलो. सगळ्यांचे मनापासून आभार.

लातूर-मुंबई एक्स्प्रेसने सकाळी सीएसएमटीला उतरलो. जहाज सुटतं तो बॅलार्ड पिअरचा धक्का तिथून जवळच आहे, पण सामान आणि गुडघे बघून टॅक्सी केली. बोर्डिंग दुपारी होतं, मधला वेळ ओळखीच्यांकडे काढला. खिडकीची, मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची खोली मिळाली. वरच्या मजल्यावरच्या खोल्या दिसायला छान होत्या, पण सास्तूरकर दादांचं ऐकलं.

कवायतीला आई पहिल्या रांगेत उभी होती. जाकिटाचा पट्टा शेजारच्या बाईला तिनेच लावून दिला. परत येताना ती ओठ हलवत होती, मला वाटलं नामस्मरण चाललंय. खोलीच्या दारात थांबून म्हणाली, "एकशे बारा पावलं आन दोन जिने." मग एकटीच परत गेली आणि पुन्हा मोजून आली.

पहिल्या रात्री ती फार झोपली नाही, हे खरं सांगते. भिंतीला तळवा लावून बराच वेळ बसली होती. काकूंनी सांगितलं होतं म्हणून मी काही विचारलं नाही. चारच्या सुमाराला ती उठली, दार स्वतः उघडलं आणि म्हणाली, चल वर. डेकवर आम्ही दोघीच होतो. लांब मासेमारीच्या होड्यांचे दिवे दिसत होते, बाकी सगळं काळं पाणी. शाल पांघरून ती उजाडेपर्यंत बसली. उजेड आला, चारी बाजूंना पाणीच पाणी दिसलं, तेव्हा म्हणाली, "एवढं पानी, आन घोटभर प्यायचं न्हाई." थोड्या वेळाने माझ्या भावाचं नाव घेतलं. "त्याला पोहायला लई आवडलं असतं." तीस वर्षांत ते नाव मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. त्यानंतर आम्ही त्याच्याविषयी खूप बोललो, ते इथे लिहीत नाही.

दुसऱ्या रात्री ती गाढ झोपली. गोळीची गरज पडली नाही, आल्याचे तुकडे तेवढे चघळत होती. जेवणात वरण-भात, भाजी, पोळी मिळत होती. भाकरी नाही, याची तिला चुटपुट लागली.

समुद्राच्या पाण्यातलं मीठ काढून जहाजावर गोडं पाणी करतात, असं मी तिला सांगितलं. तिला ते फार पटलं. तरी तोंडाला साबण लावताना नळ बंदच करायची.

आता मावशीला घेऊन पुन्हा जायचं म्हणते. मावशीचंही घर तेव्हा पडलं होतं. परवा फोनवर आई तिला खिडकीची खोली, मधला भाग, खालचा मजला असं सगळं समजावून सांगत होती. सास्तूरकर दादा, हँगरला टॉवेल बांधायचं मी विसरले होते. आठवलं तेव्हा कपाट उघडून बघितलं, तिने आधीच पदराच्या चिंधीने बांधून ठेवले होते.