आईच्या मेंदूचं माप: रिपोर्टात आकडा हवा की नको?

खाडीकाठ (वेंगुर्ला): आई ७४ वर्षांची. आंब्याची पेटी भरून झाली की तीच पुन्हा सोडते, आणि वर "पेटी कोणी भरल्यान?" असं विचारते. म्हणून कोल्हापूरला नेऊन मेंदूचा एमआरआय केला. रिपोर्टात ओळ एकच: वयोमानानुसार मेंदू आकसलेला. यावरून मी काय समजू? अल्झायमरमध्ये हिप्पोकॅम्पस, म्हणजे मेंदूतला आठवणी सांभाळणारा भाग, लवकर झिजतो. निरोगी वृद्धांत वर्षाला साधारण १ ते १.५ टक्के, अल्झायमरमध्ये ४ ते ५ टक्के. एवढा फरक नुसत्या डोळ्यांना कळत नाही, सॉफ्टवेअर मात्र घन मिलिमीटरमध्ये मोजून देतं. विसराळूपणासाठी केलेल्या प्रत्येक स्कॅनवर हा आकडा छापलाच पाहिजे.

मुचकुंदी: अकरा वर्षं एमआरआय मशीनवर काम करतोय. मला हे पटत नाही. पेशंटने डोकं जरासं हलवलं तरी मेंदूचा करडा थर आहे त्याहून पातळ मोजला जातो. १.५ टेस्लाच्या मशीनवरून ३ टेस्लावर (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद) गेलात की त्याच मेंदूचं माप वेगळं येतं. अंगात पाणी कमी असेल तरी फरक पडतो. आणि तुलना कोणाशी करणार? पुष्कळ सॉफ्टवेअर ज्या सरासरी नकाशावर मेंदू बसवून बघतात तो मॉन्ट्रियलच्या १५२ जणांच्या स्कॅनवरून केलेला. हैदराबादच्या ट्रिपल आयटीने २०१९ मध्ये १०० भारतीयांचा नकाशा केला, तेव्हा आपला मेंदू लांबी, रुंदी, उंचीत सरासरीने लहान निघाला. डोक्याच्या आकाराचा हिशेब धरतात हे खरं, पण परक्या मापाने आईला आजारी ठरवू नका.

खाडीकाठ: मग डोळ्यांचा अंदाज बरा? शेल्टन्स पद्धतीत डॉक्टर चित्र बघून झीज किती यावर ० ते ४ गुण देतात. एक डॉक्टर १ म्हणतो, दुसरा २. आकड्यातली चूक किती ते मोजता तरी येते.

सुपारीबाग (गुहागर): दादा, आकडा आमच्या घरात आला होता. सासऱ्यांचं माप "त्या वयाच्या शंभरांत शेवटच्या पाचांत" असं छापून आलं. त्या दिवसापासून त्यांच्या हातातून पासबुक गेलं, एकट्याने बाजारात जाणं गेलं. रक्त तपासायचं कोणाच्या मनातही आलं नाही. चार महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांनी बी-१२ बघितलं, अगदी तळाला गेलेलं. इंजेक्शनं सुरू झाली आणि माणूस बराच सावरला. ते चार महिने त्यांना परत कोण देणार?

ओहोटी: ताईंचं दुखणं खरं आहे, पण दोष मापाचा नाही, एकदाच मोजून निकाल लावण्याचा आहे. लंडनच्या टॅक्सीचालकांचा अभ्यास घ्या. त्यांना परवान्यासाठी शहरातले रस्ते पाठ करून परीक्षा द्यावी लागते. २००० साली १६ चालकांचा हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा दिसला. पण धंद्यामुळे वाढला की मुळातच मोठा होता? ते त्यातून कळेना. म्हणून ७९ शिकाऊ चालकांना शिकण्याआधी मोजलं आणि काही वर्षांनी त्यांतल्या ५९ जणांना पुन्हा. २०११ मध्ये निष्कर्ष आला: परीक्षा पास झालेल्या ३९ जणांतच वाढ. माणसाची तुलना त्याच माणसाशी केली म्हणून उत्तर मिळालं. खाडीकाठ, आईंचं बी-१२ आणि थायरॉइड याच आठवड्यात करून घ्या. वर्षाने त्याच सेंटरला, त्याच मशीनवर स्कॅन करा, आणि दोन्ही सीडी घेऊन न्यूरॉलॉजिस्टकडे जा.

मुचकुंदी: असं दोनदा मोजणार असाल तर माझी हरकत नाही. मात्र नुसती फिल्म चालणार नाही, मूळ डेटा असलेली सीडीच लागेल.

खाडीकाठ: आम्हाला फिल्मच दिली होती. सोमवारी सेंटरला फोन करून सीडी मागतो. रक्ताचं उद्याच.