वरच्यांच्या बाथरूमचं पाणी आपल्या छतातून येतंय : आधी बोलायचं की आधी अर्ज?

डोंबिवली_दुसरा_मजला

स्पष्टच लिहितो. बिल्डिंगमध्ये कोणाच्या घरात वरून ओल आली की सगळे सल्ला त्यालाच देतात, अहो आपसात मिटवा, शेजारी आहेत, अर्जबिर्ज कशाला. वरच्याला जाऊन कोणी सांगत नाही की बाबा तुझं बाथरूम करून घे. समजूतदारपणा नेहमी ज्याचं छत गळतंय त्यानेच दाखवायचा. माझं मत असं की लीकेजचं प्रकरण पहिल्या दिवसापासून लेखी हवं, तोंडी काही नाही.

आमची बिल्डिंग डोंबिवली पूर्वेची, चार मजली, बिनलिफ्टची, ऐंशीच्या दशकातली. बाथरूमच्या छताला आधी पिवळट डाग आला, मग पोपडे, मग प्लास्टर फुगून एक दिवस खाली आलं आणि आता सळई दिसते, गंजून पापुद्रे सुटलेली. थेंब नेमके गीझरवर पडतात म्हणून गीझर बंद ठेवलाय, आई गॅसवर पाणी तापवून बादली उचलत नेते, वय सत्तरच्या पुढे. वरच्या काकांना सांगितलं तर म्हणाले बघतो. मग दिवाळी झाली की करू, मग मुलीचं लग्न, मग मे महिन्यात पाहुणे, आणि आता म्हणतात आमची फरशी तर कोरडी ठणठणीत आहे, तुमचाच पाइप फुटला असणार. सेक्रेटरी म्हणतो दोन मेंबरांमधला वाद आहे, कमिटी मध्ये पडत नाही.

हे शेवटचं तर सरळ सरळ चूक आहे. सहकार खात्याच्या २०१४ च्या आदर्श उपविधींमध्ये, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीत, दुरुस्तीचं कलम आहे ते वाचा. पावसाचं पाणी, बाहेरच्या कॉमन पाइपलाइन आणि ड्रेनेज लाइनची गळती हा सोसायटीचा खर्च. टॉयलेट, सिंक वगैरेंमुळे होणारी आतली गळती संबंधित फ्लॅटवाल्यांच्या खर्चाने, पण सोसायटीच्या समन्वयाने. म्हणजे कमिटीला हात झटकता येत नाहीत. आणि कमिटी जागी होते ती अर्जावर इनवर्ड नंबर, म्हणजे सोसायटीच्या आवक नोंदीचा नंबर पडला की, जिन्यात भेटून सांगितल्यावर नाही.

कोथरूडची_ताई

मला हे अजिबात पटलं नाही. कायदा बरोबर असेल तुमचा पण क्रम चुकतोय. आमच्या वरती एक आजी राहतात, एकट्या, शाळेतून रिटायर झालेल्या. आमच्याकडे ओल आली तेव्हा आमचे हे पण अर्जच लिहायला बसले होते, मी म्हणलं थांबा जरा. वर गेले, आजींना हात धरून खाली आणलं आणि छत दाखवलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं हो! वरच्याला वरून काय दिसणार, त्यांची फरशी कोरडीच असते. पोपडे बघून त्या स्वतःच कानकोंड्या झाल्या, मग त्यांच्या भाच्याने येऊन काम करून दिलं आणि काम चालू असताना त्या अंघोळीला आमच्याकडे यायच्या. त्यांना आधी सोसायटीच्या लेटरहेडवर नोटीस गेली असती तर त्या वयात काय वाटलं असतं? कागद फाइलला लागतो आणि माणसं बोलायची थांबतात. उद्या रात्री अपरात्री कोणाला हॉस्पिटलमध्ये न्यायची वेळ आली तर पहिली बेल वरचीच वाजवणार ना आपण?

डोंबिवली_दुसरा_मजला

ताई, छत आम्ही पण दाखवलं. काका आले, वर बघितलं, चहा घेतला आणि गेले. तुमच्या आजी चांगल्या होत्या म्हणून तुमचं काम झालं. समोरचा चांगला निघेल या भरवशावर नियम करता येत नाही, आणि वेळ जातो तो आमच्या स्लॅबचा जातो.

साइट_सुपरवायझर

दोघं भांडताय पण पाणी नक्की कुठून येतंय हे कोणी बघितलंय का? बांधकामात आयुष्य गेलंय म्हणून सांगतो, अर्ध्याहून जास्त भांडणं चुकीच्या ठिकाणी फोडाफोडी केल्यामुळे चिघळतात.

जुन्या बिल्डिंगमध्ये बाथरूमचा स्लॅब खाली सोडलेला असतो, त्यात ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर भरतात, पाइप त्या कोब्यातून फिरतात आणि वर टाइल्स. नहाणी ट्रॅपचा, म्हणजे जाळीखालच्या सांडपाण्याच्या भांड्याचा जॉइंट सुटला की पाणी आधी कोब्यात मुरतं, आठवडेच्या आठवडे, आणि मग स्लॅबला जिथे वाट मिळेल तिथून खाली येतं. डाग गीझरवर आहे म्हणून गळती बरोबर त्याच्या डोक्यावर असेल असं बिलकुल नाही. वरच्याची फरशी कोरडी दिसते ती पण याचमुळे, त्यामुळे काका खोटंच बोलतायत असं लगेच धरू नका.

आधी थेंब कधी पडतात ते नीट बघा. दिवसरात्र सारखं ठिबकत असेल तर नळाची लाइन, जुन्या बिल्डिंगमध्ये भिंतीतले जीआय म्हणजे जस्त चढवलेले लोखंडी पाइप सडतात. वरती अंघोळ, कपडे झाले की थोड्या वेळाने वाढत असेल तर ट्रॅप, ड्रेनेज नाहीतर टाइल्सचे सांधे. फक्त पावसाळ्यात येत असेल तर बाहेरची भिंत. मग वरच्यांचा ट्रॅप फडक्याने गच्च बंद करून फरशीवर पाणी भरून एक दिवस ठेवायचं, पाण्यात रंग टाकला तर अजून बरं. खाली रंग उतरला की वाद संपला, कोणाचा कोणावर आरोप नाही. पाणी फरशीतून उतरतंय आणि फक्त सांध्यांचा प्रॉब्लेम असेल तर टाइल्सच्या फटीत एपॉक्सी ग्राउट, म्हणजे पाणी न मुरणारा भराव भरून काही हजारांत भागतं. सगळं फोडून नवीन वॉटरप्रूफिंग हा शेवटचा उपाय, पण खालून नुसतं प्लास्टर करून रंग मारणं हा उपायच नाही, ते पैसे पाण्यात. आणि कृपा करून खाली पीओपीचं सीलिंग ठोकून झाकू नका. सळई सडत राहते आणि कळतं तेव्हा तुकडा डोक्यात पडलेला असतो.

तिसऱ्या_मजल्यावरची

सुपरवायझर दादा, बरं झालं कोणीतरी बोललं, वरच्यांची बाजू कोणी ऐकतच नाही. आमच्याकडे खालच्या वहिनींनी थेट कमिटीत तक्रार केली, कमिटीने काही न तपासता 'आपल्या बाथरूममधील गळतीमुळे' अशी नोटीस पाठवली आणि नोटीस बोर्डावर पण लावली! येता जाता सगळी बिल्डिंग वाचतेय. आम्ही कर्ज काढून बाथरूम फोडलं, नवीन टाइल्स, नवीन पाइप, पंधरवडाभर चौघं जण एका संडासावर. एवढं करूनही खाली ओल होती तशीच. शेवटी निघालं काय तर डक्टमधला, म्हणजे पाइपांच्या उभ्या पोकळीतला, सोसायटीचा डाउनटेक पाइप (गच्चीवरच्या टाकीतून पाणी खाली आणणारा) तडकलेला, त्याचं पाणी भिंतीतून आत येत होतं. खर्च सोसायटीने द्यायला हवा होता, मिळाला नाही. वहिनी आजही जिन्यात मान वळवून जातात. म्हणून माझं मत ताईंच्या बाजूने, तपासल्याशिवाय कागद नको.

डोंबिवली_दुसरा_मजला

तुमच्यावर अन्याय झालाय हे शंभर टक्के मान्य. पण नीट बघा, तो अर्जामुळे नाही झाला, कमिटीने तपासणीच केली नाही म्हणून झाला. उपविधीत लिहिलंय की सेक्रेटरीने आधी कळवून कमिटी मेंबरबरोबर फ्लॅटमध्ये जाऊन पाहणी करायची, सोसायटीच्या खर्चाची दुरुस्ती कुठली आणि मेंबरच्या खर्चाची कुठली याचा रिपोर्ट कमिटीला द्यायचा, मग नोटीस. पाहणी लेखी झाली असती तर डक्टचा पाइप तेव्हाच सापडला असता आणि तुमचं कर्ज वाचलं असतं. लेखी काम खालच्याइतकंच वरच्यालाही वाचवतं.

ठाण्याचा_खजिनदार

कमिटीवर सगळे तुटून पडतात म्हणून लिहितो. आम्ही नोकऱ्या सांभाळून हे बिनपगारी करतो. पाहणी करा म्हणता, वरचा दारच उघडत नाही, रविवारी सकाळी गेलो तर पूजा चालू, संध्याकाळी गेलो तर बाहेर गेलेत. आम्ही काय दार तोडून आत जायचं? आमच्याकडे रूढ पद्धत आहे, वरचा आणि खालचा खर्च अर्धा अर्धा करतात, कमिटी ओळखीचा प्लंबर देते, विषय संपतो. कायद्यात बसत असेल नसेल पण कामं होतात. आमच्याकडे एका मेंबरने तर सुचवलं की त्या फ्लॅटचं पाणी तोडा, दोन दिवसांत ताळ्यावर येईल.

साइट_सुपरवायझर

पाणी तोडायच्या भानगडीत पडूच नका साहेब. उपविधींनी कमिटीला तसला अधिकार दिलेलाच नाही, उलट तुम्हीच अडकाल. घरात लहान मुलं, म्हातारी माणसं असतात.

डोंबिवली_दुसरा_मजला

अर्धा अर्धा का पण? नुकसान आमचं झालं, छताचं प्लास्टर, वायरिंग, रंग आम्ही करणार, वर त्यांच्या ट्रॅपचेही अर्धे पैसे आम्हीच द्यायचे? गरिबी असेल तर गोष्ट वेगळी, मी स्वतःहून देईन, पण रूढ म्हणून नाही. आणि दार उघडत नसतील तर त्याचाही उपाय उपविधीत आहे, मेंबरने नोटिशीनंतर काम केलं नाही तर सोसायटी कळवून करून घेऊ शकते आणि खर्च त्या मेंबरकडून वसूल करू शकते. तरी नाही झालं तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ९१ खाली सहकार न्यायालय आहे. तिथे गेल्यावर पहिला प्रश्न हाच की तुम्ही कळवलं कधी, कागद दाखवा.

नालासोपाऱ्याचा_भाडेकरू

माझी अजून वेगळीच तऱ्हा. मी भाड्याने, माझा मालक गावी, वरचा फ्लॅटपण भाड्याने आणि त्याचा मालक दुबईला. वरची पोरं चांगली आहेत, बोलून काय उपयोग, ती बिचारी टाइल्स फोडणार थोडीच. माझ्या मालकाला फोन केला की म्हणतो कमिटीला सांगा, कमिटी म्हणते तुम्ही मेंबर नाही, तुमचा अर्ज घेत नाही. स्वयंपाकघरात बादली ठेवून पोळ्या लाटतेय बायको. ताई, आमच्यासारख्यांनी बोलायचं तरी कोणाशी?

कोथरूडची_ताई

दादा तुमचं ऐकून खरंच वाईट वाटलं. तुमच्याकडे लेखीच करा. पण अर्ज तुमच्या मालकाच्या सहीने जाऊ द्या, मेल केला तरी चालेल, मग कमिटी नाही म्हणू शकत नाही. बादलीचा, छताचा तारखेसकट व्हिडिओ काढून ठेवा आणि मालकाला रोज पाठवा, त्याचाच स्लॅब सडतोय हे त्याला कळू दे.

वाकडचा_नवीन_मेंबर

नवीन बिल्डिंगवाल्यांसाठी एक, ताबा मिळून पाच वर्षं झाली नसतील तर शेजाऱ्याशी भांडूच नका, दोघं मिळून बिल्डरला पकडा. २०१६ च्या रेरा, म्हणजे बिल्डरांवरच्या कायद्याच्या कलम १४ मध्ये आहे, पाच वर्षांच्या आत बांधकामातला, कारागिरीतला दोष दाखवला तर बिल्डरने तीस दिवसांत फुकट दुरुस्त करायचा. आमच्या विंगमध्ये वरचे खालचे एकत्र सह्या करून गेले, एकट्याचं ऐकत नव्हते, सगळ्यांचं मुकाट्याने ऐकलं.

तिसऱ्या_मजल्यावरची

आणि सगळ्यात वरच्या मजल्यावर गच्चीतून पावसाचं पाणी येत असेल तर ती दुरुस्ती आणि छताचं प्लास्टर दोन्ही सोसायटीचं. आमच्याकडे चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी किती वर्षं स्वतःच्या खिशातून पत्रे टाकले, कोणी सांगितलंच नाही त्यांना.

डोंबिवली_दुसरा_मजला

सुपरवायझर दादांचं ऐकून परवा थेंबांची वेळ बघत बसलो. सकाळी वरती कपडे धुऊन झाले की साधारण तासाभराने वाढतं, दुपारी जवळजवळ थांबतं. म्हणजे नळाची लाइन नसावी. अर्ज तयार आहे, त्यात सोसायटीने दोन्ही घरांच्या समोर पाणी भरून टेस्ट करावी एवढीच मुख्य मागणी ठेवलीय, सोबत फोटो, आणि खाली नुकसानभरपाईचा एक परिच्छेद.

कोथरूडची_ताई

तो नुकसानभरपाईचा परिच्छेद आत्ताच कशाला? टेस्ट व्हायच्या आधी पैसे मागितले की काका वकीलच गाठणार आणि दार अजून घट्ट बंद होणार. तेवढा काढा. आणि अर्जाची एक कॉपी तुम्ही स्वतः वर नेऊन द्या, शिपायाच्या हातून पाठवू नका.

डोंबिवली_दुसरा_मजला

कॉपी मी स्वतः देईन, ते पटलं. परिच्छेद नाही काढणार. आईने इतके महिने बादल्या उचलल्यात.