स्वतःच्या शेतात क्रॉसबोने हरीण मारता येते का? (शहापूर तालुका)

घोडबंदर_ते_शहापूर (प्रश्न)

नमस्कार. मी ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर राहतो. शहापूर तालुक्यात, तानसा अभयारण्याच्या हद्दीजवळ, आमची साडेतीन एकर वडिलोपार्जित जमीन असून सातबाऱ्यावर माझे आणि थोरल्या बंधूंचे नाव आहे. भातकापणीनंतर जमिनीतल्या ओलीवर आम्ही वाल आणि हरभरा करतो, पण गेली दोन वर्षे पीक फुलोऱ्यावर आले की दोन-तीन रात्रींत त्याची वाट लागते. आमचा राखणदार सांगतो की भेकरे, म्हणजे लहान जातीची हरणे, येतात, आणि त्यांचे भुंकल्यासारखे ओरडणे मीही एकदा ऐकले आहे.

माझा चुलतभाऊ अमेरिकेत ओहायो राज्यात असतो. तो दर हंगामात आपल्याच जागेत क्रॉसबोने, म्हणजे बंदुकीच्या दस्त्यावर आडवे बसवलेल्या धनुष्याने, हरीण मारतो. जमीन स्वतःची असल्यामुळे त्याला शिकारीचा परवानासुद्धा काढावा लागत नाही. बंदूक नाही, आवाज नाही आणि जमीन माझी, तेव्हा येथे तसे करण्यास कायद्याची नेमकी काय हरकत आहे, हे जाणकारांनी सांगावे. मला मांसाची हौस नाही, पीक वाचवायचे आहे.

नौपाड्यातला_वकील

हरकत आहे, आणि ती गंभीर आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ९ नुसार अनुसूची १ व २ (कायद्याला जोडलेल्या संरक्षित प्राण्यांच्या याद्या) मधील वन्यप्राण्यांच्या शिकारीला बंदी आहे आणि आपल्याकडची सर्व हरणे या अनुसूचींमध्ये येतात. ही बंदी प्राण्याला चिकटलेली आहे, जमिनीला नाही. त्यामुळे प्राणी अभयारण्यात होता की आपल्या वालाच्या शेतात, याने शिक्षा कमी-जास्त होऊ शकते, पण गुन्हा नाहीसा होत नाही. सातबारा आपल्याला जमिनीचा हक्क देतो, त्या जमिनीवरून चालत जाणाऱ्या जनावराचा नाही. मारलेला प्राणी कलम ३९ प्रमाणे शासनाच्या मालकीचा ठरतो, त्यामुळे त्याचे मांस किंवा शिंगे घरात सापडणे हाही वेगळा त्रास आहे.

आवाज न होण्याचा मुद्दा तर आपल्या विरुद्धच जातो. याच कायद्यातील शस्त्राच्या व्याख्येत बंदुकीच्या बरोबरीने धनुष्यबाण, जाळी, फासे, सापळे आणि विष यांचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि प्राण्याला इजा करू शकणारे कोणतेही साधन त्यात बसते. शस्त्र परवाना लागतो की नाही हा प्रश्न त्यामुळे येथे गौण ठरतो. शिकारीची व्याख्याही आपण समजतो त्यापेक्षा पुष्कळ व्यापक आहे: मारणे, जखमी करणे, फासे लावणे, आमिष दाखवणे, त्या हेतूने हाकणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे, हे सारे तिच्यात येते. म्हणजे बाण चुकला तरी आपण सुटत नाही.

२०२२ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी आहे. प्राणी अनुसूची १ मधला असेल किंवा शिकार अभयारण्यात झाली असेल, तर किमान ३ आणि कमाल ७ वर्षे कैद व किमान २५ हजार रुपये दंड होतो. आपली जमीन हद्दीलगत आहे, म्हणून जखमी जनावर पळून कोणत्या बाजूला जाऊन पडेल, याचाही विचार करावा.

कलम ११ मध्ये अपवाद आहे, पण तो आपण स्वतःला देऊ शकत नाही. अनुसूची २ मधील प्राणी उभ्या पिकाला धोकादायक झाला आहे अशी खात्री पटल्यास मुख्य वन्यजीव रक्षक किंवा प्राधिकृत अधिकारी कारणे नमूद करून लेखी परवानगी देऊ शकतात. आपल्या राज्यात अशी परवानगी प्रत्यक्षात रानडुक्कर आणि नीलगाय यांच्यासाठीच चर्चेत असते; भेकरासाठी ती मिळेल, अशी आशा मी आपल्याला लावणार नाही. जाता जाता, वनहक्क कायदा, २००६ मध्ये जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांचे अनेक पारंपरिक हक्क मान्य झाले, पण शिकारीचा हक्क त्यातून स्पष्टपणे वगळलेला आहे. जो हक्क त्यांनाही मिळाला नाही, तो घोडबंदरच्या रहिवाशाला मिळणे कठीण आहे.

मूळ_डोंबिवली_सध्या_ओहायो

आपल्या चुलतभावाने सांगितले ते खोटे नाही, पण अर्धे आहे. येथे राज्याच्या रहिवासी जमीनमालकाला स्वतःच्या जागेत हरणाच्या शिकारीसाठी परवाना विकत घ्यावा लागत नाही, हे खरे. परंतु हंगामाच्या तारखा, किती हरणे मारायची याची मर्यादा आणि प्रत्येक शिकारीची नोंद करण्याचे बंधन त्यालाही लागू असते. जंगली हरीण येथेही जमीनमालकाचे नसते, ते राज्याच्या ताब्यातील सार्वजनिक ठेव मानले जाते. इतर राज्यांचे नियम वेगळे, ओरेगॉनमध्ये तर क्रॉसबोने शिकार करायला परवानगीच नाही, आणि इंग्लंडमध्ये १९९१ च्या हरणांविषयीच्या कायद्याने हरणावर बाण चालवण्यास मनाई आहे.

त्यामागचे कारण समजण्यासारखे आहे. बाण बंदुकीच्या गोळीसारखा धक्क्याने मारत नाही. त्याच्या धारदार पात्यामुळे रक्तस्राव होऊन जनावर मरते, आणि छातीत नेमका लागला तरी ते बरेच अंतर धावत जाते. थोडासा चुकला तर पोटात बाण घेऊन रात्रभर तडफडते. म्हणून येथले अनुभवी लोक तीस-चाळीस मीटरच्या आतच बाण सोडतात, थांबतात आणि मग रक्ताचा माग काढतात. हे कौशल्य ठाण्याच्या सोसायटीच्या गच्चीवर सराव करून येत नाही, आणि कृपा करून तसा सराव करूही नका.

किन्हवलीचा_भेंडीवाला

वकीलसाहेबांनी कायदा सांगितला, मी शेताचे सांगतो. आपले पीक भेकर खाते हे राखणदाराने ठरवले आहे की आपण सकाळी जाऊन पाहिले आहे? भेकर बहुधा एकटे किंवा जोडीने फिरते आणि वजनाने वीस-पंचवीस किलोच्या आसपास असते; त्याने दोन-तीन रात्रींत साडेतीन एकरांची वाट लावली, हे मला पटत नाही. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, त्यामुळे त्याने खाल्लेला शेंडा ओढून तोडल्यासारखा फाटका दिसतो. सशाने खाल्लेला चाकूने तिरका कापल्यासारखा असतो. आणि माती उकरलेली, रोपे मुळासकट उलटलेली, बांधाला नांगरल्यासारखे चर पडलेले असतील, तर ती रानडुकरे आहेत, मग भेकर रात्रभर भुंकले तरी ते निर्दोष आहे.

नुकसान दिसले की त्याच दिवशी तारखेसह फोटो काढून ठेवा आणि तीन दिवसांच्या आत वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज द्या. पंचनाम्याला वनखात्याबरोबर महसूल आणि कृषी खात्याची माणसे येतात. भरपाईच्या शासन निर्णयात रानडुकराबरोबर ‘हरीण (सारंग व कुरंग)’ हे शब्द आहेत, त्यामुळे भेकर निघाले तरी अर्ज वाया जात नाही. पंचनामा होईपर्यंत शेत नांगरू नका. गेल्या वर्षी मी घाईने नांगरले आणि दाखवायला काही उरले नाही.

कुंपणाबद्दल एकच सांगतो: चितळासाठी उंची लागते, भेकर आणि डुकरासाठी खालची फट बुजवावी लागते. आम्ही जाळी जमिनीत वीतभर पुरली, वर जुन्या साड्या बांधल्या आणि दर चार दिवसांनी त्यांची जागा बदलली, कारण एकाच जागी फडफडणारी साडी जनावर आठवडाभरात ओळखते. सौर कुंपणाचा झटका थांबून थांबून बसतो, म्हणून जनावर दचकते पण मरत नाही. घरच्या लाइनीची तार मात्र चुकूनही सोडू नका, तिने आधी राखणदार जातो.

घोडबंदर_ते_शहापूर

सर्वांचे आभार. रविवारी सकाळी स्वतः जाऊन आलो. वरच्या बांधाला चरच चर पडलेले आहेत आणि वालाची रोपे उलटी पडली आहेत. फाटके शेंडे फक्त ओढ्याकडच्या कोपऱ्यात, जेमतेम दोन वाफ्यांत दिसले. फोटो काढले असून सोमवारी अर्ज देत आहे. अर्जात दोन्ही प्राण्यांची नावे घालावीत की एकाच नुकसानीसाठी वेगवेगळे अर्ज करावे लागतात?

किन्हवलीचा_भेंडीवाला

अर्ज एकच करा आणि गट क्रमांकासह दोन्ही नावे घाला. कोणाचे किती ते पंचनाम्यात ठरेल. ओढ्याकडचा कोपरा त्यांना आधी दाखवा, ऊन चढले की फाटका शेंडा सुकतो आणि मग काही ओळखू येत नाही.