मदत हवी आहे : कारखान्यात सगळ्यांना आपली वाटेल अशी प्रथा कशी रुजवावी?

नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या मशीन शॉपमध्ये मी एचआर बघते. खंडेनवमीला आमच्याकडे कुणाला काही सांगावं लागत नाही. ज्याचं लेथ, तोच ते पुसतो, ऑइल करतो, झेंडूचं तोरण बांधतो. मालकही चपला काढून प्रत्येक मशीनपाशी थांबतात, ऑपरेटरशी बोलतात. तो दिवस मला फार मोलाचा वाटतो.

उलट सोमवारची दहा मिनिटांची सभा मी सुरू केली, ती दोन महिन्यांत थंडावली. सगळे खाली मान घालून उभे, मालक फोनवर. ४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनी, शपथही तशीच पुटपुटली जाते.

मला वाटतं, खंडेनवमीला हाताला काम असतं, सभेत नुसतं ऐकायचं असतं. म्हणून महिन्यातून एकदा 'आपलं मशीन' दिवस ठेवावा, ऑपरेटरनेच मालकांना मशीनची अडचण दाखवावी, असा विचार आहे. पण प्रॉडक्शनच्या घाईत मालकांना तेवढा अर्धा तास थांबवायचं कसं? आणि रात्रपाळीच्या लोकांचं काय? ते कायमच वगळले जातात, याचं वाईट वाटतं.

कुणी असं काही वर्षभर टिकवलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.