नागीण बरी झाली पण आग जात नाही, आईला गोळी कशी समजावू?

कृष्णाकाठ:
आई ६९ ची, सांगलीला असते. नवरात्रात डाव्या कुशीपासून पाठीपर्यंत नागीण उठली. आधी शेजारच्या काकूंनी गेरू लावला, दोन्ही तोंडं जुळू देऊ नका म्हणे, त्यात चार दिवस गेले आणि मग दवाखाना. खपल्या पडल्या, आता नुसते डाग आहेत, पण संक्रांत होऊन गेली तरी आग तशीच. पदर टेकला तरी कळवळते, पंख्याचा वारा सहन होत नाही, रात्री उठून बसते. पॅरासिटामॉलने काही फरक नाही. डॉक्टरांनी रात्रीची अमिट्रिप्टिलिन दिली, तर भाच्याने नेटवर बघून सांगितलं ही डिप्रेशनची गोळी आहे. झालं, आईने घेतलीच नाही, "मला काय वेड लागलंय का, माझं अंग जळतंय." घरात एकदोघं म्हणतात तिने मनाला लावून घेतलंय. मला अजिबात पटत नाही, मी तिला रात्री बघतो ना. कुणाला अनुभव आहे का?

अबोली:
मी फार्मासिस्ट आहे. मनाचं काही नाही हे आधी त्या एकदोघांना सांगा. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की तो व्हायरस नसांच्या मुळाशी पडून राहतो, वय झालं की एखाद्या नसेच्या वाटेने बाहेर येतो म्हणून पट्टा एकाच बाजूला असतो, आणि येताना ती नसच दुखावते. कातडी लवकर भरते, नसेला महिने लागतात, कधी जास्तही. तोवर पदराचा स्पर्शसुद्धा मेंदूला आग म्हणूनच पोचतो. साध्या पेनकिलरचा इथे फारसा उपयोग होत नाही. अमिट्रिप्टिलिन नसेच्या दुखण्यावर कित्येक वर्षं देतात, तीही बहुतेक १० मिग्रॅपासून, डिप्रेशनला लागतो त्यापेक्षा डोस खूप कमी. गुण यायला दोनतीन आठवडे लागू शकतात, तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं, झोप येते त्यामुळे रात्री बाथरूमला जाताना कुणीतरी सोबत हवं. काचबिंदू, हृदयाचा त्रास किंवा लघवी अडकत असेल तर मात्र डॉक्टरांना आधी सांगायचं.

निवृत्त_मास्तर:
मला उजव्या छातीवर झाली होती, दुखणं अजून आहे पण पहिल्यासारखं नाही. माझ्या अनुभवाने सैल कपडा जास्त छळतो कारण तो सतत घासतो, मी आतून अंगाबरोबर बसणारा जुना मऊ सुती बनियन घालतो. गार पाण्याची घडी थोडा वेळ ठेवतो, बर्फ नाही. दुपारी चार माणसं बोलायला असली की कमी जाणवतं, रात्री एकटं असलं की वाढतं, म्हणून आईंना दिवसा एकटं पाडू नका. आणि घरच्यांनी "अजून दुखतंय?" असं विचारू नये हो, फार लागतं ते. माझी सून रोज संध्याकाळी १० पैकी किती एवढंच विचारते आणि वहीत लिहिते, डॉक्टरांना ती वही बघून डोस ठरवता आला.

वाळव्याचा_पाटील:
आमच्याकडं एकजण उतरवून देतात, एकदा दाखवा, गुण येतो.

अबोली:
पाटील, राग नको पण हे नका सांगू कुणाला. पुरळ आल्यापासून ७२ तासांच्या आत व्हायरसवरची गोळी सुरू झाली तर सगळ्यात जास्त फायदा, आणि नेमके तेच दिवस गेरू आणि मंत्रात जातात. डोळ्याजवळ उठली तर त्याच दिवशी डोळ्याचा डॉक्टर, नजर जाऊ शकते. पन्नाशीच्या पुढच्यांसाठी आता लसही मिळते, दोन डोस, महाग आहे पण तुमच्या घरच्या मोठ्यांसाठी डॉक्टरांना जरूर विचारा. सुरू असलेलं दुखणं लसीने जात नाही, पुढची नागीण टाळण्यासाठी ती.

कृष्णाकाठ:
सगळ्यांचे आभार. मास्तर, तुमचा मेसेज आईला वाचून दाखवला, तिने दोनदा वाचायला लावला. आता गोळी घेते म्हणतेय. पण अबोलीताई, तिच्या डोळ्यात काचबिंदूचे थेंब रोज टाकतो, ते त्या डॉक्टरांनी विचारलंच नव्हतं.

अबोली:
मग आज रात्री सुरू करू नका. सकाळी त्यांना फोन करून थेंबांचं नाव सांगा, डोळ्याच्या डॉक्टरांनाही विचारा. नसेच्या दुखण्यावर गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन या दुसऱ्या गोळ्याही आहेत, त्यात किडनीचा रिपोर्ट बघून डोस ठरवतात, म्हणून क्रिएटिनिनचा जुना रिपोर्ट असेल तर सोबत न्या. कातडीवर लावायच्या, जागा बधिर करणाऱ्या लिडोकेनच्या पट्टीचंही विचारा.