लिस्बनमध्ये मोकळी, मिरामारला मात्र अवघडलेली

कुळागरवाली (फोंडा)
वय ५४, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती. गेल्या ऑक्टोबरात धाकट्या बहिणीबरोबर लिस्बनला गेले होते. तिसऱ्या दिवशी चढउतारांनी तिचा गुडघा सुजला, ती खोलीवर राहिली आणि आयुष्यात पहिल्यांदा मी परक्या गावात एकटी बाहेर पडले.

२८ नंबरची ट्राम घेतली. पिवळी, आत लाकडी बाकं, वळणावर अशी किंचाळते की दात आंबतात. पाऊस आत येऊ लागला तशी शेजारची म्हातारी मला म्हणाली, ‘जनेला, जनेला!’ मी सरळ उठून खिडकी खाली ओढली. नंतर लक्षात आलं, मला पोर्तुगीज येत नाही. पण आमची आजी पोर्तुगीज शाळेत सेगुंद ग्रावपर्यंत शिकलेली, आमच्या घरात खिडकी कधी नव्हतीच, जनेलच होतं.

उतरून एक अंड्याचं गोड पेस्ट्रीसारखं घेतलं, वर दालचिनी. चपला काढल्या, एका पायरीवर पाय पसरून बसले. दालचिनी ओढणीभर सांडली. दोन तास! कुणी ढुंकून पाहिलं नाही.

परत आल्यावर पणजीला मिरामारच्या किनाऱ्यावर तसंच बसून बघितलं. दहा मिनिटांत जावेची शेजारीण हजर. ‘एकटीच गो? घरी सगळं बरं ना?’ संध्याकाळी सासूबाईंचा फोन. अख्खा देश मोकळं व्हायला गोव्यात येतो आणि मला मोकळं व्हायला दुबईमार्गे लिस्बन गाठावं लागतं! हे माझ्या एकटीचंच आहे की तुम्हालाही असं होतं? आणि कृपा करून ‘महिलांच्या ग्रुप टूरला जा’ सांगू नका. बसमध्ये अंताक्षरी खेळायला मी पैसे भरणार नाही.

सारसबाग (पुणे)
हसू आलं, कारण माझं लिस्बन म्हणजे गोव्यातलाच पाळोळे किनारा. पुण्यात एकटी बाकावर बसले तर ओळखीचं कुणीतरी सोडायला गाडी काढतं. पाळोळ्याला सकाळी सातला वाळूत आडवी पडते, कुत्रं येऊन पायाशी झोपतं, बस्स. तिथली शॅकवाली बाई मात्र स्वतः कधी पाण्यात पाय बुडवताना दिसली नाही. तुमचं वाचून आज ती आठवली.

तारवटी (वास्को)
२२ वर्षं जहाजावर काढली. ताई, मोकळं वाटणं आधी कागदावर असतं. अमेरिकेच्या बंदरात सी-वन-डी, म्हणजे खलाशांचा व्हिसा नसेल तर जहाजावरून उतरता येत नाही. आमच्यातल्या एका पोराचा व्हिसा राहिला होता. चार दिवस गँगवेच्या, म्हणजे उतरायच्या शिडीच्या टोकाशी उभा राहून त्याने ह्यूस्टन बघितलं, म्हणजे तेलाच्या टाक्या. आम्ही त्याला बाहेरून बर्गर आणून दिला, तो खाल्ला नाही त्याने. ब्राझीलच्या सांतोसला मात्र, तिथंही पोर्तुगीजच, तोच पोरगा खाली उतरला आणि भाजीवाल्याकडे ‘बटाट’ मागून आला, पिशवी नाचवत. तुमच्या जनेलासारखंच.

म्हाताराबाबा (मडगाव)
चार दिवस पाहुणे म्हणून गेल्यावर सगळीकडे मोकळंच वाटतं. माझा मुलगा स्विंडनला असतो. तिथं गोंयकार इतके की बसस्टॉपवर उभा राहिला तर कुणीतरी विचारतंच, ‘तूं खंयचो रे? कोणाचो?’ इंग्लंडात! हे सगळं पहिल्यांदा आपल्या दिवाडी बेटावरच्या एका माणसाने विचारलं तेव्हा तो रडला म्हणे. वैतागून की बरं वाटून, ते अजून सांगत नाही.

कुळागरवाली (फोंडा)
तारवटीबाब, तो बर्गर डोक्यातून जात नाही. बाबा, तुमच्या मुलाला विचाराच एकदा.
मी उद्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एकटी जातेय. चणेही तिथल्याच कठड्यावर बसून खाणार. म्हापशात माझ्या ओळखीचं कुणी नाही. मामेसासरे सोडून. आणि त्यांची मुलगी. आणि हो, आमच्या बँकेतला जुना शिपाई.